टापटीप गरिबी

९ ऑक्टोबर

नवी नोकरी, म्हणून नवी डायरी. आई म्हणते, हे तुझं दर नोकरीला होतं आणि डायरी तिसऱ्या पानावर मरते. बघू.

नोकरी अशी : साहेब मंत्री आहेत आणि मी त्यांची धोरण सल्लागार. खात्यातले लोक पाठीमागे मला ‘नोटवाल्या मॅडम’ म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. साहेबांना भाषणासाठी वाक्यं लागतात, खात्याला धोरणासाठी टिपण लागतं. दोन्ही मी लिहिते. सध्या विषय आहे मुक्काम योजना. खेड्यातल्या गरीब, मागास घरांतल्या मुलींना नागपुरात शिकताना राहण्याजेवणाची सोय. अर्ज येतात जागांच्या कितीतरी पट. त्यातून खरे गरीब कसे निवडायचे, ते साहेबांना माझ्याकडून हवं आहे.

म्हणून आज उमरेडच्या पुढे एका गावात जाऊन आले. सोबत खात्याचे निरीक्षक धम्मानंद होते. पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी मला बौद्ध वस्तीतल्या एका घरी नेलं. मी फाटकं छप्पर आणि धूर भरलेली खोली बघायच्या तयारीनं गेले होते. घर पाहून थक्क झाले. भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र, खिडकीच्या चौकटीला निळा रंग, अंगण सारवलेलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, ताजा हार. दोरीवर दोन पांढऱ्या साड्या खळ घालून वाळत टाकलेल्या. गृहिणी सिंधूताई शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवतात. नवरा कवडू पूर्वी हातमागावर विणायचा. माग बंद पडला तेव्हापासून कोळशाच्या ट्रकांवर ताडपत्री बांधायला जातो. मुलगी उन्नती बारावीला आहे. तिला लॅब टेक्निशियन व्हायचं आहे, कॉलेज नागपुरात. प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी निघून जाते, तेव्हा मुक्काम योजनेशिवाय तिचं काही खरं नाही.

चहा आला तो सोनेरी काठाच्या कपबश्यांतून. सिंधूताईंनी विचारलं, “आमच्या घरचा चालते ना, मॅडम?” असं का विचारलं ते कळलं नाही. साखर जरा जास्त होती, एवढंच.

परत येताना शहरात शिरायला फार वेळ लागला. दीक्षाभूमीकडे जाणारे टेम्पो आणि बसेस आत्तापासूनच सुरू झालेत. ऑक्टोबरमधला हा आठवडा नेहमी ट्रॅफिकचाच असतो.

१८ ऑक्टोबर

घरी रंगारी आहेत. बेसाला फ्लॅट घेतल्यापासून आईचा नियम आहे, दिवाळीआधी बैठकीला रंग झालाच पाहिजे. मी डोकेदुखीची तक्रार केली तर म्हणाली, “तू लोकांची घरं पाहत फिरून राहिली नं, आधी आपली खोली पाहा.” वर्षभर आम्ही कान तुटलेल्या मगांमधून चहा पितो. आज पाहुण्यांसाठी माळ्यावरून चांगल्या कपबश्या उतरल्या.

रंगाच्या वासात बसून टिपण पूर्ण केलं. मनासारखं जमलं. मुख्य परिच्छेद असा : ‘विशिष्ट समाजातील गरिबीचे स्वरूप बदलले आहे. ती आता टापटीप गरिबी आहे. टापटीप गरिबीला आधाराची नव्हे, आत्मविश्वासाची गरज असते. आधार तिला आळशी करील.’

समाजाचं नाव घातलं नाही. वाचणाऱ्याला कळतं.

११ नोव्हेंबर

साहेबांनी टिपण गाडीत वाचलं आणि फोन केला. “टापटीप गरिबी. वा. हे कुठून सुचलं?” मी सांगितलं, एका घरात चहा घेताना. ते हसले. म्हणाले, “कुणाला शिवी नाही, पण ज्याला लागायचं त्याला लागतं.” शिवी द्यायचा माझा विचार नव्हता, पण हे ऐकून बरं वाटलं हे खरं.

दुपारी धम्मानंद टेबलापाशी आले. टिपणाची प्रत हातात होती.

“मॅडम, आपण सणाच्या दिवसांत गेलो होतो.”

मी म्हटलं, दिवाळीला तर तेव्हा अवकाश होता, कंदील कुठे होते तिथे?

त्यांनी टिपणाची घडी घातली. मग म्हणाले, “बरं, मॅडम,” आणि गेले. माणूस अनुभवी आहे, पण बोलणं पुरं करत नाही. खात्यातल्या जुन्या लोकांचं हे असंच असतं.

१७ डिसेंबर

अधिवेशन. सिव्हिल लाइन्समध्ये पाऊल ठेवायला जागा नाही, जिथे तिथे पोलीस आणि मोर्चे. साहेबांनी उत्तराच्या भाषणात माझं वाक्य घेतलं. बाकं वाजली. एका सदस्यानं उभं राहून हा समाजाचा अपमान आहे म्हटलं, तर साहेब म्हणाले, “मी तर स्वच्छतेचं कौतुक करतो आहे.” पुन्हा बाकं वाजली.

संध्याकाळी टीव्हीवर चर्चा, तिथेही तेच दोन शब्द. विरोधकसुद्धा तेच शब्द वापरून टीका करत होते. शब्द आपले असले की वादही आपल्या अंगणातच होतो. आई मटार सोलत बघत होती. म्हणाली, “टापटीप राहणं काहून वाईट असते वं?” मी म्हटलं, आई, हे धोरणातलं आहे.

२० फेब्रुवारी

नियम निघाले. ‘विशिष्ट समाज’ विधी विभागानं काढून टाकलं, ते बरोबरच झालं. ‘टापटीप’ हा शब्दही गेला, कारण तो सरकारी वाटत नाही. त्याऐवजी आलं ‘घराची दर्शनी स्थिती’. भिंती, रंग, भांडी, कपडे. जितकं चांगलं दिसेल तितके गुण कमी.

फोटोंबद्दलचं कलम मी लिहिलं. पाहणी करणाऱ्यानं चारही भिंतींचे फोटो काढायचे. भिंत पूर्ण दिसली पाहिजे, मध्ये माणूस किंवा वस्तू येता कामा नये. गुण निरीक्षक देणार नाहीत, ओळखीपाळखी होतात. फोटो मुख्यालयात जातील आणि तिथला कुणीतरी, ज्याला ते गावही ठाऊक नाही, तो गुण देईल. यापेक्षा निष्पक्ष काय असू शकतं?

धम्मानंदांनी विचारलं, “आणि मॅडम, कोणाच्या घरी पाहुणे येणार म्हणून घर आवरलं असलं तर?” मी म्हटलं, मग ते आवरू शकतात असा त्याचा अर्थ होतो.

८ जुलै

आज उन्नती ऑफिसात आली. मी आधी ओळखलं नाही. पांढरा सलवार कुर्ता, केसांना तेल, हातात फाईल. ऑक्टोबरमध्ये मी तिला माझं कार्ड दिलं होतं, ते अजून नवं होतं.

तिला लॅब टेक्निशियनच्या कोर्सला प्रवेश मिळाला आहे, गुणही छान आहेत. मुक्काम योजनेत मात्र नाव नाही. कारण : दर्शनी स्थिती.

“मॅडम, जूनमध्ये पाहणीवाले येणार म्हणून निरोप आला,” ती म्हणाली. “साहेब लोक येऊन राहिले म्हणून आईनं पुन्हा चुना लावला. कपबश्या काढल्या. मामीकडून चादर आणली.”

“पुन्हा म्हणजे?”

“तुम्ही आल्या तेव्हा चौदा ऑक्टोबर जवळ आली होती ना. तेव्हा वर्षातून एकदा लावतो आमी. दीक्षाभूमीवर जायचं असते, घरी लोक येतात. एरवी घर कसं असते ते तुमी पाहिलंच नाही.”

ती तक्रार करत नव्हती, माहिती देत होती. मला वाईट वाटलं. धम्मानंदांचं ते अर्धं वाक्य आठवलं. त्यांनी ते पुरं करायला हवं होतं. पण नियम आधीच निघाले होते, आणि एक घर चुकीच्या आठवड्यात बघितलं म्हणून अख्खं धोरण चुकीचं ठरत नाही. तसं ठरवायला लागलो तर काहीच लिहिता येणार नाही.

मार्ग मात्र काढला. फेरपाहणीची तरतूद आहे. तिच्याकडून अर्ज लिहून घेतला आणि मी स्वतः येईन म्हणाले. जाताना तिनं विचारलं, “मग घर कसं ठेवायचं, मॅडम?”

मी म्हटलं, रोज असतं तसं. सणाचं नको.

“आईले सांगावं लागीन,” म्हणाली. “कोणी येणार असलं तं तिले घर आवरल्याशिवाय राहवत नाही.”

२९ जुलै

उन्नतीचा फोन. कॉलेज सुरू झालं. हिंगण्याला मावशीकडे राहते. मावशीचा नवरा एमआयडीसीत आहे, एकाच खोलीत पाच माणसं. तिथून कॉलेज म्हणजे दोन बसेस. निकालापर्यंत धकवते म्हणाली. मावशीनं राखीपर्यंतच राहा असं सांगितलंय, हेही सांगितलं. मी म्हटलं, होईल सगळं.

२१ ऑगस्ट

फेरपाहणी झाली. साहेबांनीच जायला सांगितलं होतं. फेरपाहणीची यंत्रणा कशी चालते हे भाषणात घालायचं आहे.

घर ओळखू आलं नाही. भिंतींना माती आणि काजळी. अंगणात शेणाचा ढीग. निळी चौकट कोळशानं काळी केलेली. कपबश्या दिसल्या नाहीत. पाणी पोचे पडलेल्या जर्मनच्या ग्लासात आलं, तो ग्लास घरचा नसावा, कारण कुठे ठेवायचा हे सिंधूताईंना सुचत नव्हतं. खोलीत ओल्या मातीचा वास होता. त्या जुनी साडी नेसून दारात उभ्या होत्या, पदर पुन्हा पुन्हा सारखा करत. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, “बरोबर झालं ना, मॅडम?”

मी रोजचं म्हटलं होतं. रोजचं हे नसणार. पण हो म्हटलं.

कवडू खाटेवर बसला होता, त्याला खोकला आहे. म्हणाला, “तिनं तीन दिवस लावले या कामाले. रंग द्यायले एवढा वेळ नाही लागत.” सिंधूताई म्हणाल्या, “तुमी चूप राहा ना.”

उन्नती हिंगण्याहून मुद्दाम आली होती. ती कोपऱ्यात उभी राहून नखाला लागलेली काजळी काढत होती.

धम्मानंद फोटो काढायला लागले. तीन भिंती झाल्या. चौथी फोटोंची. बाकी सगळी भिंत मळवलेली होती, पण बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंभोवती वीतभर जागा पांढरीच राहिली होती. चौकोनी, स्वच्छ, कडेला बोटांच्या खुणा. काचा पुसलेल्या, हार ताजा. मी जवळ जाऊन बघत होते.

“मॅडम, तुमी तिथंच उभ्या राहा,” धम्मानंद मोबाइल उचलत म्हणाले. “उजेड बरा येऊन राहिला.”

मी म्हटलं, भिंत झाकली जाईल.

“राहू द्या ना, मॅडम. तिथंच उभ्या राहा. एक फोटो तुमच्यासोबत. रिपोर्टाले बरा दिसते.”

मला त्यांचं हसू आलं. कलम मीच लिहिलं आणि तेच मी मोडायचं, तेही फोटोत येण्याच्या हौसेपायी. मी बाजूला झाले. धम्मानंदांनी मोबाइल खाली घेतला, चष्मा पुसला, परत घातला. मग म्हणाले, “सिंधूताई, फोटो उतरवता का जरासे? तिथंही हात फिरवून घ्या.” सिंधूताई दारातून भिंतीपर्यंत गेल्या आणि हात वर न करता तिथंच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, नाही नाही, आहे तसंच असू द्या, घरात पाहणीसाठी बदल करायचा नाही.

फोटो काढला. गाडीत धम्मानंद एक शब्द बोलले नाहीत. त्यांना मधुमेह आहे, जेवण उशिरा झालं असावं.

३ सप्टेंबर

उन्नतीचं नाव नाही. मुख्यालयाचा शेरा : ‘भिंती हेतुपुरस्सर मळविल्याचे चौथ्या छायाचित्रातून स्पष्ट. दिशाभूल. पुढील तीन वर्षे अपात्र.’

मी मुख्यालयात फोन केला. गुण देणारा कुणी तरुण माणूस होता, नीट बोलणारा. म्हणाला, मॅडम, तो पांढरा चौकोन नसता तर मला कधीच कळलं नसतं. त्याचं काही चुकलं नाही. तेच मी उन्नतीला सांगायला फोन केला. ती म्हणाली, “बरं, मॅडम.” हे ‘बरं, मॅडम’ मी कुठेतरी ऐकलेलं आहे.

रात्रीचं जेवण गेलं नाही. आईनं दोनदा विचारलं, काय झालं. काही नाही म्हटलं.

१० सप्टेंबर

साहेब मात्र खूश. फसवणूक पकडली जाते म्हणजे यंत्रणा चालते. पत्रकार परिषदेसाठी त्यांना याच्यावर एक शब्द हवा होता, ‘टापटीप गरिबी’सारखा. मी ‘सजवलेली गरिबी’ दिला. लिहिताना हात जरा थांबला. पण शब्द चांगला होता आणि साहेबांची गाडी खाली उभी होती.

धम्मानंदांनी बदली मागितली आहे. कारण घरगुती, असं कळलं.

१२ ऑक्टोबर

आज सुट्टी होती. एका खासगी संस्थेची शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती उन्नतीला द्यावी म्हणून एकटीच गाडी घेऊन गेले. फोनवर सांगता आलं असतं. का गेले ते सांगता येत नाही.

सिंधूताई अंगणात बादलीत चुना कालवत होत्या. हात कोपरापर्यंत पांढरे. बाहेरच्या भिंती झाल्या होत्या, चौकटीला पुन्हा निळा रंग आला होता. कवडू स्टुलावर चढून आतली शेवटची भिंत रंगवत होता. मला बघून सिंधूताईंनी हात धुतले, खुर्ची आणली.

उन्नती कुठे विचारलं. हिंगण्याला. कोर्स सोडला. मावशीच्या ओळखीनं कंपनीत पॅकिंगला लागली, शिफ्टची बस दारापासून नेते. आता मावशी राहू देते, कारण ती घरात हातभार लावते. “पोरगी उद्या येणार हाय,” त्या म्हणाल्या. “दीक्षाभूमीवर जाऊ सगळे.”

मी शिष्यवृत्तीबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. ती शिकणाऱ्या मुलींसाठी आहे, हे सांगताना माझ्याच लक्षात आलं.

मग त्या म्हणाल्या, “आता रंगवलं तं चालते ना, मॅडम? आता तं कोणी पाहाले येत नाही.”

चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच विचारत होत्या. मी म्हटलं, चालतं.

चहा आला. सोनेरी काठाच्या कपबश्या. आमच्या घरी अशाच आहेत, माळ्यावर. आई उद्या उतरवणार आहे.

मी उठून चौथ्या भिंतीपाशी गेले. फोटो खाली टेबलावर पुसून ठेवले होते, कवडू त्या जागेवरून ब्रश फिरवत होता. तो चौकोन आता कुठे होता ते ओळखू येत नव्हतं. मी नेमकी इथेच उभी होते. धम्मानंदांनी सांगितलं होतं, उभ्या राहा म्हणून. दोनदा सांगितलं होतं.

“बसा ना, मॅडम. काहून उभ्या राहिल्या?” सिंधूताई मागून म्हणाल्या. “अन् भिंतीले टेकू नका, ओली हाय अजून. तुमचे कपडे खराब होतीन.”

मी बाजूला झाले.